निकालाच्या आधी काय ठरतं?

शिरूर अनंतपाळच्या बाजारात टीव्हीवरच्या स्पर्धांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, ते सगळं आधीच ठरलेलं असतंय. नुराकुस्ती आहे नुसती.’ आणि तोच माणूस थोड्या वेळानं मागच्या हंगामात आपण कुणाला मत दिलं होतं ते छाती फुगवून सांगतो. त्यात ढोंग काही नाही. काहीतरी शिजवलेलं आहे हे लोकांना कळतं, पण नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. त्यामुळं संशय सगळा निकालावर जाऊन बसतो. पुष्कळ वर्षं हे कार्यक्रम बघून, त्यांच्याबद्दल त्यांच्याच माणसांनी बोललेलं वाचून माझं मत असं झालं आहे की निकाल ही या स्पर्धांमधली सगळ्यात कमी बनवलेली गोष्ट असावी. बनवाबनवी होते ती निकालाच्या बरीच अलीकडं : कोण निवडलं जातं, त्याची ओळख कशी करून दिली जाते आणि त्याच्या किती तासांतले किती क्षण आपल्यापर्यंत येतात, या तीन ठिकाणी.

लातूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. २००८-०९ साली झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत शेवटच्या पाचांत पोचला. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आपला रोहित. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. मतं एसएमएसनं जात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पोरांनी बापाच्या मोबाइलमधला बॅलन्स रोहितच्या नावावर संपवला आणि बोलणी खाल्ली. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०२० रोजी, हाच रोहित ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या हंगामात दुसरा आला. पहिला आला भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी. आणि २०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या हंगामाचं सूत्रसंचालन केलं ते बाभळगावच्या देशमुखांच्या घरातल्या रितेशनं. म्हणजे स्पर्धक म्हणूनही आणि यजमान म्हणूनही लातूरचा माणूस या खेळात आहे.

रोहितचंच उदाहरण पुढं नेतो, कारण त्यातून पहिली गोष्ट उघड होते. हे कार्यक्रम ‘नवी प्रतिभा शोधतो’ असं सांगतात. पण ‘इंडियन आयडल’च्या ऑडिशनला उभा राहिलेला रोहित मराठी माणसाला दहा वर्षांहून जास्त काळ ठाऊक होता. दहाव्या हंगामाचा विजेता सलमान अली २०११ च्या हिंदी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये झळकून गेला होता. बाराव्या हंगामाचा विजेता पवनदीप राजन त्याआधी ‘द व्हॉइस इंडिया’ जिंकून बसला होता. यात त्या तिघांचा काही दोष नाही. गाण्यावर पोट भरायचं तर मिळेल त्या मंचावर उभं राहावंच लागतं. पण प्रेक्षकाला दाखवतात ते असं, की दारातून एक अनोळखी पोरगा आत आला, गायला आणि परीक्षक थक्क होऊन उभे राहिले. शोध लागल्याचा तो क्षण मांडलेला असतो. गाणं खरं असतं.

मोठ्या ऑडिशनचं सगळीकडचं तंत्र सारखंच आहे. हजारोंच्या रांगेतला उमेदवार नामांकित परीक्षकांपुढं थेट कधीच जात नाही. आधी निर्मिती संस्थेची माणसं एकदा, दोनदा, तीनदा ऐकतात. त्या चाळणीतून जे वर जातात त्यांत चांगले गाणारे असतात आणि मुद्दाम ठेवलेले अगदी वाईट गाणारेही असतात, कारण हसायला कुणीतरी लागतं. टीव्हीवर मात्र रांग आणि परीक्षक यांच्यामधली ही चाळणी गायब असते. पहाटेपासून उपाशी उभं राहून दुसऱ्या चाळणीत बाद झालेलं खेड्यातलं पोर ‘परीक्षकांना माझं गाणं आवडलं नाही’ असं म्हणत घरी येतं. परीक्षकांनी ते ऐकलेलंच नसतं. या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त टोचते ती ही गोष्ट.

दुसरा टप्पा ओळखीचा. या धंद्यातले लोक त्याला ‘एव्ही’ म्हणतात : गाण्याच्या आधी दाखवतात ती दोन-तीन मिनिटांची घरची फीत. आमच्या तालुक्यातल्या एका घरी असं चित्रीकरण होताना मी पाहिलं आहे. मुलगा उत्तम गाणारा, बाप शेतकरी, घर पत्र्याचं पण नीटनेटकं. आलेली माणसं वागायला चांगली होती, आवाज चढवून कुणी बोललं नाही. पण स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी त्यांनी बाजूला सारली आणि अंगणातली चूल पेटवायला सांगितली. ती चूल त्या घरात पाणी तापवण्यापुरती वापरात होती. आईनं भाकरी थापली. धूर कॅमेऱ्याच्या दिशेनं यावा म्हणून तिला दोनदा जागा बदलायला लावली. मग बापाला विचारलं, ‘पोराच्या गाण्यासाठी काय काय विकावं लागलं?’ तो म्हणाला, ‘विकलं काही नाही, उसनवारी केली.’ प्रश्न पुन्हा विचारला गेला, जरा वेगळ्या शब्दांत. तिसऱ्यांदा बापाला आपले वडील वारल्याची आठवण झाली आणि त्याचे डोळे भरले. तेवढं घेऊन गाडी निघून गेली.

यात खोटं काय होतं? चूल त्या घरातलीच, भाकरी खरी, अश्रूही खरे. पण फितीत ते अश्रू विकलेल्या कशावर तरी पडल्यासारखे दिसतील अशी जुळणी करता येते. आणि तशी ती करता येते, एवढंच पुरेसं आहे. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही. फक्त एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याचं उत्तर शेजारी ठेवायचं असतं.

गरिबीची ही मागणी किती वाढली आहे हे पहिल्याच ‘इंडियन आयडल’च्या विजेत्यानं, मुंबईच्या अभिजीत सावंतनं बोलून दाखवलं आहे. तो जिंकला मार्च २००५ मध्ये. आजच्या कार्यक्रमांना गाण्यापेक्षा स्पर्धक किती गरीब आहे, त्याला बूटपॉलिश येतं का, यात जास्त रस असतो, अशी तक्रार त्यानं २०२१ मध्ये जाहीरपणे केली. सनी हिंदुस्तानीनं खरोखरच बूटपॉलिश केलेलं होतं, आणि तो गायलाही तसाच दणदणीत. त्याच्या विजयाला मी बोट लावणार नाही. पण बूटपॉलिशची कथा एकदा चालली की पुढच्या वर्षी तिच्यासारखीच कथा शोधत गाड्या गावोगाव फिरतात, आणि ज्या चांगल्या गायकाकडं तशी कथा नाही त्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. मास्तराचा मुलगा, तलाठ्याची मुलगी, किराणा दुकानदाराचा पोरगा : यांच्या दुःखाला बाजारभाव नाही.

हे सगळं पूर्वी असं नव्हतं, हे सांगणं गरजेचं आहे. १९९५ साली झी टीव्हीवर सोनू निगमच्या सूत्रसंचालनात ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत गाण्यातली जाणती माणसं असत. स्पर्धक यायचा, नाव सांगायचा, गायचा. गुण मिळायचे. घर कुठलं, बाप काय करतो, हे कळलं तर कळलं. २००४ च्या अखेरीस ब्रिटनच्या ‘पॉप आयडल’वरून ‘इंडियन आयडल’ आलं, मोबाइल कंपन्यांचे एसएमएस आले, आणि स्पर्धकाला आठवडाभर प्रेक्षकांच्या मनात जिवंत ठेवणं ही वाहिनीची गरज झाली. गाणं तीन मिनिटांत संपतं. मन गुंतवायला कथा लागते. बनवाबनवीचं मूळ कुणाच्या दुष्टपणात शोधू नये, ते या गरजेत आहे.

परीक्षक आणि पाहुणे खरं बोलतात का? याचं उत्तर त्यांनीच दिलेलं आहे. मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडल’च्या बाराव्या हंगामात किशोरकुमार विशेष भाग झाला. किशोरदांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे होते. भाग दाखवला गेल्यावर त्यांनी उघड सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, आपण तसं केलं, आणि तो भाग आपल्याला स्वतःला आवडला नाही. त्याच सुमारास सुनिधी चौहाननंही परीक्षक असताना कौतुक करण्याच्या सूचना असायच्या आणि ते न पटल्यानं आपण बाहेर पडलो, असं सांगितलं. सुरुवातीच्या हंगामांची सूत्रसंचालक मिनी माथूरनं तर ‘क्षण घडवून आण’ असं सांगितलं जाऊ लागल्यावर आपलं मन उडालं, असं नंतर बोलून दाखवलं. तिचा रोख होता तो घरच्यांच्या अचानक भेटीवर. स्पर्धकाचे आईवडील पडद्यामागून येतात, तो रडत धावतो. ते येणार हे सेटवर बहुतेकांना ठाऊक असतं.

रोहित ज्या हंगामात होता त्याच हंगामात सूत्रसंचालक आदित्य नारायण आणि परीक्षक नेहा कक्कड यांच्या ‘लग्ना’चा खेळ आठवडेच्या आठवडे चालला. दोघांचे आईवडील मंचावर आले, तारीख जाहीर झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये मंडपाचा देखावाही झाला. लग्न अर्थातच झालं नाही. ते कार्यक्रमापुरतं होतं हे आदित्यनं पुढं मान्य केलं. पुढच्या हंगामात पवनदीप आणि सहस्पर्धक अरुणिता यांच्या ‘प्रेमा’ची बांधणी याच धर्तीवर झाली. आता विचार करा, त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत पोचलेल्या लातूरच्या गायकाच्या गाण्याला त्या लग्नाच्या गोंधळात किती मिनिटं मिळाली असतील. बनावट प्रसंगाची खरी किंमत हीच. खोटं दाखवलं म्हणून प्रेक्षकाचं फारसं बिघडत नाही, त्याला ते कळतंच. पण त्या वेळात कुणाचं तरी खरं काम दाबलं जातं.

संशय असेल तर घरी बसून एक तपासणी करता येते. गाण्याचा भाग सुरू असताना टीव्हीचा आवाज बंद करा आणि फक्त परीक्षकांच्या टेबलाकडं बघा. पाण्याचा ग्लास अर्धा असतो, दोन सेकंदांनी भरलेला असतो, पुन्हा अर्धा होतो. ओढणी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. स्पर्धक शेवटच्या ओळीवर असतो, तेवढ्यात डोळे पुसणारी परीक्षक दिसते आणि पुढच्याच चित्रात तिचं काजळ जसंच्या तसं असतं. म्हणजे ते डोळे दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्याला पुसलेले. प्रेक्षकांच्या टाळ्यांचंही तसंच. मुंबईत प्रेक्षक पुरवणारे कंत्राटदार आहेत. चित्रीकरण सुरू होण्याआधी एक जण माइक घेऊन येतो आणि ‘आता हसा, आता उभे राहा, आता हात वर’ असं करून घेतो, तेही टिपून ठेवलं जातं. एका दिवसात दोन-दोन भागांचं काम चालतं. रात्री बाराला टाळ्या वाजवायला कुणाच्या हातात जोर असणार? दुपारच्या टाळ्या रात्रीच्या गाण्याला लावल्या जातात.

आवाजाचं काय, हा प्रश्न गाणाऱ्या घरांतून नेहमी येतो. २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘एक्स फॅक्टर’मध्ये ऑडिशनमधले आवाज यंत्रानं सुरात आणल्याचं प्रेक्षकांनी पकडलं आणि निर्मात्यांना ते मान्य करावं लागलं. सूर सुधारण्याचं हे तंत्र आता छोट्या गावातल्या स्टुडिओतही आहे. त्यामुळं रेकॉर्ड करून दाखवलेल्या गाण्यावरून कुणाचं बेसूर झालं आणि कुणाचं नाही याचा निवाडा प्रेक्षकानं करू नये असं मला वाटतं. थेट प्रक्षेपणात तो करता येतो, तेवढ्यातच.

गाण्याचे कार्यक्रम सोडून ‘बिग बॉस’कडं वळलं की प्रश्नाचं रूप बदलतं. हा मूळचा नेदरलँड्सचा खेळ, १९९९ चा. हिंदीत २००६ ला आला, मराठीत २०१८ ला. ‘संवाद लिहून देतात का?’ असं लोक विचारतात. संवाद लिहून द्यायची गरजच नाही. माणसांना घरात कोंडायचं, घड्याळ काढून घ्यायचं, फोन काढून घ्यायचा, जेवणाचं सामान मोजून द्यायचं आणि ते कोणाला मिळणार हे एकमेकांशी भांडून ठरवायला लावायचं. मग जे होतं ते खरंच होतं. पण ती परिस्थिती कुणीतरी टेबलावर बसून आखलेली असते. शिवाय बनवाबनवीची तिसरी जागा इथंच सगळ्यात उघड दिसते : दिवसाचे २४ तास कॅमेरे चालू आणि रात्री आपल्याला दिसतं साधारण पाऊण तास. बाकीच्या सव्वातेवीस तासांत तो माणूस काय होता? त्यानं कुणाला पाणी दिलं असेल, कुणाची माफी मागितली असेल. शनिवार-रविवारी, पूर्वी सूत्रसंचालक महेश मांजरेकरांच्या चावडीवर आणि नंतर रितेशच्या ‘भाऊच्या धक्क्या’वर त्याची झडती होते ती निवडलेल्या तुकड्यांवर, आणि आपण घरी बसून त्याचा स्वभाव ठरवतो.

या घराच्या भिंती किती पातळ आहेत हे जून २०१९ मध्ये दिसलं होतं. दुसऱ्या हंगामातले स्पर्धक अभिजीत बिचुकले यांना धनादेश न वटल्याच्या प्रकरणात पोलिसांनी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या सेटवरूनच ताब्यात घेतलं. जगापासून तोडलेलं म्हणून दाखवलेल्या घरात कायदा आला, माणूस गेला, आणि नंतर तो पुन्हा घरात परतलाही. प्रेक्षकांना ते सगळं खेळाचाच भाग वाटलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

पाचवा हंगाम २८ जुलै २०२४ ला सुरू झाला आणि ६ ऑक्टोबरला, सत्तराव्या दिवशीच, संपला. विजेता ठरला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणी आईवडील गेलेले, शिक्षण अर्धवट, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंनी ओळख झालेला. बक्षीस १४ लाख ६० हजार. दुसरा आला तोच अभिजीत सावंत. गरिबीच्या कथांना जागा जास्त मिळते अशी तक्रार करणारा माणूस अंतिम फेरीत एका अनाथ, गरीब पोरापुढं हरला. यावर महाराष्ट्रात दोन तट पडले. काही म्हणाले सहानुभूतीची मतं, काही म्हणाले आमच्यातला माणूस जिंकला. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. वाहिनीच्या कार्यक्रमांची सूत्रं ज्यांच्याकडं होती त्या केदार शिंदे यांनी अंतिम सोहळ्यातच सूरजला घेऊन चित्रपट करत असल्याचं जाहीर केलं. ‘झापुक झुपूक’ एप्रिल २०२५ मध्ये आलाही. यावरून निकाल आधी ठरला होता असं अजिबात सिद्ध होत नाही. पण स्पर्धा घेणारा आणि स्पर्धकाच्या पुढच्या कमाईचा भागीदार एकच असेल, तर शंका घेणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही.

इथं मतांचा प्रश्न येतो, आणि तिथं मला जास्त वेळ थांबायचं आहे.

मतं खरी येतात याचे पुरावे भरपूर आहेत, कधीकधी दुखरे. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मध्ये परीक्षकांना न पटणारा काझी तौकीर काश्मीरच्या पाठिंब्यानं जिंकला. २००७ मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग ‘इंडियन आयडल’ झाला. त्याच्यासाठी डोंगरातल्या लोकांनी पैसे गोळा करून मतं दिली, आणि त्याच्याबद्दल रेडिओवर झालेल्या एका हलक्या शेऱ्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली. लोकांनी मतं दिली नसती तर इतकं रक्त तापलं नसतं. ज्यांना ‘सगळं ठरलेलं’ वाटतं त्यांनी याचा विचार करावा. ती मतं गळ्याला किती मिळाली आणि गावाला किती, हा प्रश्न मात्र उरतोच. आपणही रोहितला लातूरचा म्हणून दिली आहेत.

दुसरीकडं आरोपही आहेत. पहिल्या ‘इंडियन आयडल’चा उपविजेता अमित साना यानं २०२३ मध्ये असं म्हटलं की अंतिम फेरीच्या दोन दिवस आधी त्याच्या नावाच्या मतदानाच्या लाइन बंद झाल्या होत्या. अभिजीत सावंतनं ते मान्य केलं नाही. वीस वर्षांनी हा वाद कोण मिटवणार? तो मिटू शकत नाही, कारण त्या दिवशी कुणाला किती मतं मिळाली याचा तपासता येईल असा कागद प्रेक्षकांपुढं कधी आलाच नाही.

आमच्या लातुरात दहावी-बारावीच्या पोराला गुण कमी वाटले तर तो अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो. विभागीय मंडळ ती देतं. कधी गुण वाढतात, बहुतेक वेळा नाही, पण बोलणं संपतं. टीव्हीवरच्या स्पर्धेत लाखो लोकांनी टाकलेल्या मतांची छायाप्रत नाही. मतदान झालं, लाइन बंद झाल्या, पाकीट फोडलं, नाव वाचलं. आकडा कुठं गेला?

आकडे जाहीर झाले तर काय होतं हे दक्षिण कोरियानं दाखवलं. ‘प्रोड्यूस’ नावाच्या तिथल्या गाजलेल्या स्पर्धेच्या २०१९ च्या हंगामात अंतिम क्रमवारीतल्या प्रत्येकाची मतं जाहीर केली गेली. चाहत्यांनी वजाबाक्या करून पाहिल्या. वेगवेगळ्या जोड्यांमधला फरक पुन्हा पुन्हा तोच येत होता : २९,९७८. लाखोंच्या मतदानात असं होत नसतं. पोलीस तपास झाला, निर्माता आन जून-यंगला अटक झाली आणि मे २०२० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. चारही हंगामांत हात घातला गेल्याचं निघालं. हा घोटाळा पकडला कुणी? घरी बसून आकडेमोड करणाऱ्या पोरापोरींनी. आकडे पुढं ठेवले नसते तर तोही ‘ठरलेलं असतंय’ एवढ्या वाक्यावर विरून गेला असता.

ब्रिटनमध्ये फोनवरच्या मतदानाचे आणि स्पर्धांचे गैरप्रकार २००७ मध्ये उघडे पडले. नियामक संस्थेनं मे २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला. त्यातल्या ‘सोपस्टार सुपरस्टार’मध्ये स्पर्धकानं कोणतं गाणं गावं यासाठी आलेली प्रेक्षकांची मतं बाजूला ठेवली गेली होती. अमेरिकेचा धडा त्याहून जुना. १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेलला हरायला लावून चार्ल्स व्हॅन डोरेनला जिंकवण्यात आलं. व्हॅन डोरेननं नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसपुढं कबुली दिली, आणि १९६० मध्ये तिथं अशी स्पर्धा लबाडीनं ठरवणं गुन्हा करण्यात आलं.

आपल्याकडं असा स्वतंत्र कायदा नाही. जवळात जवळचं प्रकरण म्हणजे २००७ मधल्या ‘कौन बनेगा करोडपती’तली ‘हर सीट हॉट सीट’ ही प्रेक्षकांसाठीची स्पर्धा. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे, एका भागाला २ लाखांचं बक्षीस. सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेलला १ कोटीची दंडात्मक भरपाई ठोठावली. बक्षिसाचे पैसे एसएमएसच्या कमाईतूनच दिले गेले आणि हे लोकांना सांगितलं नाही, असा मुद्दा होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, कारण बक्षीस त्याच पैशांतून दिलं हे पुराव्यानं सिद्ध झालं नव्हतं. पुरावा ज्याच्या कपाटात आहे त्याच्याविरुद्ध तो बाहेरच्यानं कसा आणायचा? आज मतं ॲपवर जातात, पैसे लागत नाहीत, त्यामुळं ग्राहक म्हणून तक्रार करायची वाट आणखीच अरुंद झाली आहे. वाहिन्यांनी प्रत्येक फेरीची मतं आणि ती मोजणाऱ्या लेखापरीक्षकाचं नाव जाहीर करावं, ही मागणी मराठी प्रेक्षकांनी लावून धरली पाहिजे. तिला खर्च नाही, आणि नकार द्यायला सांगण्यासारखं कारणही नाही.

मोठ्या माणसांचं एक वेळ ठीक. करारावर सही करताना त्यांना बरंचसं ठाऊक असतं. मुलांचं तसं नसतं, आणि मराठवाड्यातून जाणारे स्पर्धक बहुतेक वेळा मुलंच असतात. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना लेखी सूचना दिली की नाचाच्या कार्यक्रमांत लहान मुलांना वयाला न शोभणारे हावभाव करायला लावू नयेत. ही सूचना होती, शिक्षा नव्हे. खरं बळ आहे ते बालकामगार कायद्यात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येतं, पण २०१७ च्या नियमांतल्या अटींवर. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. दर पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत. आणि मुलाची स्वतःची तयारी नसेल तर त्याला उभं करायचं नाही.

या नियमांबद्दल आमच्या भागातल्या पालकांशी बोललो की बहुतेकांना ते ठाऊक नसतात. त्यांच्या हातात येतो तो इंग्रजीतला जाडजूड करार, आणि सही करायची घाई. मुलाचं कुटुंब, त्याचं दुःख, त्याचे फोटो कसेही वापरता येतील असं त्यात लिहिलेलं असतं, बाहेर काही बोलायचं नाही असंही असतं. परवानगी घ्यायची असते ती जिथं चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे मुंबईकडं. त्यामुळं लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आपल्या जिल्ह्यातलं पोर कुठल्या सेटवर किती वाजेपर्यंत जागतंय हे कळायला मार्ग नसतो. शाळेचे मुख्याध्यापक रजेचा अर्ज घेऊन मोकळे होतात.

तेव्हा शिरूर अनंतपाळहून, साकोळहून, उजेडहून कुणाचं मूल ऑडिशनला निघालं असेल तर सहीच्या आधी चार कागद मागावेत. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत. रोजच्या कामाच्या तासांची नोंद आपल्याला दर आठवड्याला मिळेल असं लेखी. मुदत ठेवीच्या पावतीची तारीख. आणि घरी येऊन जी फीत तयार करतील ती दाखवण्याआधी आईवडिलांना पाहायला मिळेल असं करारात एक कलम. शेवटचा कागद बहुधा मिळणार नाही. तरी मागावा, आणि मराठीत लिहून मागावा, म्हणजे नाही म्हणणाऱ्यालाही ते लेखी द्यावं लागेल.